तिसऱ्या मजल्याचा विमा

लातूरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. एवढ्या पैशात गावाकडं केवढी जागा आली असती, हे प्रत्येकानं एकदा तरी ऐकवलंच. पण मुलगी अकरावीला आली होती, आणि त्या काळात लातुरात अकरावी-बारावी हा एक वेगळाच ऋतू असायचा. भोकर, मुखेड, निलंगा, कुठून कुठून पोरं यायची. गादीची वळकटी आणि प्लास्टिकची बादली घेऊन स्टँडवर उतरायची आणि खोली शोधत फिरायची. आमच्या गल्लीत ज्याच्याकडं जास्तीची खोली होती त्यानं ती भाड्यानं दिली, ज्याच्याकडं नव्हती त्यानं गच्चीवर बांधली. उजाडायच्या आत सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या, दुपारी जिन्यात मेसच्या डब्यांचा खडखडाट. त्या गोंगाटाला मी रोज शिव्या घालायचे. आता घर शांत आहे आणि मला त्या घंट्यांची फार आठवण येते.

अडचण अशी होती की घरात कुणी मोठं माणूस नसायचं. नवऱ्याची बदली नांदेडला झाली होती, ते शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. माझी शाळा सकाळची, वर तालुक्याला जायचं-यायचं. मुलगी क्लासवरून येऊन कुलूप उघडायची, गार भात खायची आणि पुस्तकात डोकं घालायची. अलीकडं ती जेवतही नव्हती नीट. तिच्याजवळ बसायला माझी आई हवी होती. आई निलंग्याच्या पुढं गावाकडं एकटी राहायची. तिचंही वय झालं होतं, तिलाही आमची गरज होती. पण ती स्लॅबखाली झोपत नव्हती.

हे सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. भूकंपात आमचं गाव बसलं. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर फूटभर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्या घरात माझा धाकटा भाऊ गेला. आई वाचली. वडील आधीच गेले होते, मी लग्न होऊन लातुरात होते. पुढं सरकारनं नवीन गाव वसवून पक्की घरं दिली, भूकंप झाला तरी हलणार नाहीत अशी. लोकांनी त्या घरांत कडबा भरला, खताची पोती रचली, शेळ्या बांधल्या आणि स्वतः दारापुढं पत्र्याचं शेड टाकून त्यात राहिले. पाहुणा आला की त्याला आधी पक्कं घर दाखवायचं आणि मग शेडमध्ये बसवून चहा द्यायचा, अशी रीतच पडली होती. हळूहळू बाकीचे आत गेले. आई गेली नाही. लातूरला डोळे दाखवायला आली तरी संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. मी रुसून पाहिलं, भांडून पाहिलं, तिच्यापुढं रडूनही झालं. ती पिशवी उचलायची आणि चपला शोधायला लागायची.

विम्याचा विषय निघाला तो बँकेमुळं. कर्ज दिल्यावर बँकेनं घराचा विमा काढा म्हणून लकडा लावला. आमच्या चौकात घड्याळाचं दुकान चालवणारे एक चाचा होते, ते विम्याचंही काम करायचे. त्यांनी एक गुळगुळीत पुस्तिका आणून दिली. तिच्यावर समुद्रकाठची एक पांढरीशुभ्र इमारत, पुढं नारळाची झाडं. आत वादळ, पूर, दर्याचं पाणी घरात शिरलं तर काय, याचीच जास्त माहिती. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं! पूर-वादळ वगळलं तर हप्ता थोडा कमी होईल, असं चाचा म्हणाले. मी म्हटलं, वगळा, इथं पूर आला तर मी पेढे वाटीन. भिंतींचा विमा वेगळा, घरातल्या सामानाचा वेगळा. आणि भूकंप पाहिजे असेल तर तो जादा, वेगळा मागून घ्यायचा.

आई त्या दिवशी आमच्याकडंच होती. तोवर ती शेंगा फोडत बसली होती. भूकंप शब्द ऐकून तिचे हात थांबले. भूकंपाचा विमा म्हणजे काय, हे तिनं मला दोनदा विचारलं. चाचा गेल्यावर म्हणाली, कंपनी काय येडी हाय का, पडणाऱ्या घरावर पैसे लावायला? तपासल्याबिगर कोण देईल?

तिचं बरोबरच होतं, तिच्या अनुभवापुरतं. भूकंपानंतर तिच्या गावात सरकारी माणूस यायचा, भिंतीला हात लावायचा, तडे बघायचा, मगच कागद व्हायचा. विमा त्याच जातीचा, असं तिनं धरलं. कंपनी भूकंपाचा विमा देते म्हणजे घर मजबूत आहे, असं कुणीतरी लिहून देतंय. मी तिचा समज मुळीच मोडला नाही. उलट नवऱ्याला फोन करून सांगितलं की भूकंपाचा घेऊ, कितीही जादा लागू दे, आई राहते म्हणाली तर स्वस्तात पडेल. ते हसले. मुलीनं तर आजीसाठी कपाटातला एक खण रिकामा केला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चाचा कागद घेऊन आले. आईलाही मी त्या दिवशी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आईनं त्यांना सरळच विचारलं की तुमचा इंजिनेर कधी येऊन गेला. मी चाचांकडं डोळे मोठे करून बघत होते, पण त्या माणसानं माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी चष्मा काढला.

"मावशी, हो म्हटलं तर माझं काम आत्ता होऊन जाईल. पण कुणी आलं न्हाई. येणार बी न्हाई. घर उभं ठेवायचं ह्या कागदाच्या हातात न्हाई. पडल्यावर पुन्हा बांधायला पैसे देतो, बस."

"आन् माणसांचं?"

"ते अलग असतं मावशी. ह्यात फक्त घर."

मला चाचांचा असा राग आला की त्यांना चहा विचारायचंही राहून गेलं. रुसून-रडून जे जमलं नाही ते जमत आलं होतं आणि या सत्यवादी हरिश्चंद्रानं पाणी फिरवलं. आईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, घ्या भूकंपाचा, पडल्यावर बी माणसाला घर लागतंच. भांड्याकुंड्याचा नका घेऊ, ढिगाऱ्यात भांडी कुणी हुडकत न्हाई. मी मुकाट्यानं तसंच सांगितलं आणि सही केली. चाचा गेले. गाडीची वेळ होत आली होती. मी तिची पिशवी भरायला घेतली.

आई उठून मुलीच्या खोलीच्या दारात गेली. मुलगी टेबलावर डोकं टेकून झोपी गेली होती, दिवा तसाच चालू. आईनं वर छताकडं बघितलं, बराच वेळ. मग मला म्हणाली, हितं खाली माझं हातरूण टाक.

मला वाटलं तिला चाचांचं बोलणं समजलंच नाही. मी म्हटलं, आई, त्यांनी सांगितलं ना, कुणी तपासलेलं नाही. तुला भीती वाटेल.

"भ्या कशाचं?" ती म्हणाली. "कुणी तपासलं न्हाई म्हणूनच ऱ्हाते. त्या पहाटं म्हस वरडायली म्हणून मी वैरण टाकाया भायेर गेले, आन् ल्योक आत गेला. समदे म्हणतेत, म्हशीनं वाचिवलं. आता नात आत आन् मी भायेर, ह्ये पुन्यांदा न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली. इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्या भीतीवर इलाज शोधत होतो.

"मग गावाकडं का नाही झोपलीस आत?" मी विचारलं. "ते घर तर पक्कं होतं."

तिनं मुलीच्या डोक्याखालचं पुस्तक हळूच काढून घेतलं.

"तितं आत कोण व्हतं माझं?"