सांगलीकराची हलगी

लढाईवरून परतलेले एक माणदेशी हवालदार मला कोरेगावात चहाच्या दुकानात भेटायचे. हलगीचा विषय निघाला की बाकावर अशी थाप मारायचे, की कपातला चहा सांडायचा. “आमच्या माणच्या हलगीवाल्यावानी दुनियेत दुसरा न्हाई!” सांगलीकडच्या एका नावाजलेल्या हलगीवादकाचं कुणी कौतुक केलं, की दिवसभर अबोला.

एका जत्रेत कुस्त्यांना तोच सांगलीकर वाजवायला आला. हवालदार तोंड फिरवून बसले. हलगी कडाडली. आधी त्यांचा पाय हलला, मग मान, आणि बघता बघता ते आखाड्यात उतरून नाचू लागले. दम लागल्यावर त्यांनी आपला फेटा सोडला आणि स्वतःच्या हातांनी वादकाच्या डोक्याला बांधला.

“आवं हवालदार, मग मोठा कोण?” मी विचारलं.

“ह्योच की!” ते हसत म्हणाले. “पर माणात कुनाला सांगू नगं रं, गड्या.”