पाणी न पिणारे व्हॅम्पायर

नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात माझ्या कादंबरीवर कार्यक्रम होता. प्रश्न विचारायची वेळ आली तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"ताई, तुमचे व्हॅम्पायर माणसाचं रक्त पितात, पण माणसाच्या हातचं पाणी पीत न्हाईत. असं का बरं?"

मी म्हणाले, "प्रत्येक काल्पनिक जगाला स्वतःचे नियम असतात." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आबा, माझे वडील, बसले होते. ते समोर असताना मला खरं उत्तर देता आलं नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आबा भोकरदनकडच्या आमच्या गावात शिक्षक होते. भूत नसतं, भानामती नसते, माणसामाणसांत भेद नसतो, अशी चारपानी पत्रकं ते स्वतः लिहायचे, जालन्याहून छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. त्या गुलाबी कागदांच्या घड्या घालता घालता मला वाचता यायला लागलं. मी व्हॅम्पायरवर लिहितेय हे कळल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जन्मभर मी गावातली भुतं हाकलली, अन् तू घरात आणून राह्यली?"

म्हणून माझे व्हॅम्पायर मंत्राला भीत नाहीत, लसणाला भीत नाहीत. आमच्या घरात या गोष्टींना किंमत नव्हती, ती त्यांच्या जगात कुठून येणार? ते अंधाराची वाट बघत नाहीत. भर दुपारी, इस्त्रीच्या कपड्यांत येतात. परदेशी गोष्टींत व्हॅम्पायरला घरात शिरायला आमंत्रण लागतं. माझे कुठेही शिरतात. त्यांचा उंबरा मात्र दुसऱ्या कुणाला ओलांडता येत नाही.

आणि पाणी. ते असं आलं.

मी बारावीत होते. ऑक्टोबरचं ऊन होतं. आमच्या गल्लीत कधी न आलेली एक मोठी गाडी दारात थांबली. गावातल्या मोठ्या जमीनदार घरातला मुलगा उतरला. त्याच्या आजीचं जालन्यात ऑपरेशन होतं आणि तिच्या गटाचं रक्त मिळत नव्हतं. आबांचा रक्तगट तोच होता. दरवर्षी चौदा एप्रिलच्या शिबिरात ते रक्त द्यायचे, त्यामुळे गावभर माहीत होतं.

"काका, जल्दी चला, गाडी चालूच हाय."

त्याच्या घरातल्या कुणी आबांना काका म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आबा शर्ट घालेपर्यंत आईनं तांब्या-पेला पुढे केला. सकाळपासून पळून त्याचे ओठ फुटले होते. पेल्याकडे बघून तो म्हणाला, "न्हाई, आत्ताच पिऊन आलो." मी आबांसोबत गाडीत बसले. गावाची वेस ओलांडली आणि त्यानं सीटखालची बाटली काढून एका दमात अर्धी संपवली.

आजी वाचल्या. पंधरा दिवसांनी आबा मला घेऊन त्यांना बघायला गेले. आम्हाला ओसरीवर बसवलं. आतल्या पाहुण्यांना कपबशा गेल्या. आमच्या दोघांच्या हातात कागदी कप आले.

परत येताना मी म्हणाले, "आबा, पाहिलं ना?"

"काय पाहायचं त्याच्यात? आजारी माणसाचं घर हाय. कागदी कप स्वच्छ असतो, पोरी."

त्या महिन्यात त्यांनी पत्रक काढलं. त्या घराच्या अंगात आता आमचं रक्त फिरतंय, भिंत पडली, असा त्याचा सूर होता. मी घड्या घातल्या, पण ते वाटायला गेले नाही.

कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात मी आबांचंच ऐकलं होतं. व्हॅम्पायर ज्याचं रक्त पितो, त्याचं दुःख त्याला कळू लागतं. हळूहळू तो निवळतो. चाळीस पानं लिहून झाली होती. एकही ओळ मला खरी वाटेना. सगळी खोडली.

कार्यक्रमानंतर बसस्टँडवर आबा म्हणाले, "तू त्या पोरीला बराबर उत्तर दिलं न्हाईस."

"तुम्ही समोर बसला होता."

"मी वाचलंय पुस्तक. दोनदा." बस लागायला वेळ होता. "एवढं रक्त पितात, मंग एकाला बी काही होत न्हाई?"

"पहिल्या खर्ड्यात होत होतं. खोडलं."

"कागदी कपामुळं?"

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"मला दिसला होता तो," आबा म्हणाले. "मी काय आंधळा होतो काय?"

"मग पत्रक का काढलंत?"

"एखादा वाचून बदलंल म्हणून." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता वयामुळे शिबिरात त्यांचं रक्त घेत नाहीत. "शंभरातला एक तरी ठेवायचा होतास, पोरी."

दुसरी आवृत्ती निघतेय. प्रकाशक म्हणतात, काही बदल असतील तर आत्ताच करा. आठवडाभर मी त्या एकाला लिहायचा प्रयत्न करतेय, आबांसाठी. भर दुपारी तो आमच्या दारात उभा आहे. ओठ फुटलेले. आई पेला पुढे करते. मी वाक्य अर्धं सोडते, खोडते, पुन्हा लिहिते. दरवेळी तो पेल्याकडे बघतो आणि म्हणतो, "न्हाई, आत्ताच पिऊन आलो."