ज्याचा त्याचा पेला

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. शिकवणारे आम्ही सात-आठ कॉलेजचे, आणि आम्हाला सांभाळणाऱ्या गयामावशी. सलग तीन रविवार आलेल्याच्या नावाचा स्टीलचा पेला मावशी हिंगोलीच्या बाजारातून करून आणत. माझ्या पेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं ‘सायली’ पाहिलं तेव्हा मला पळून जावंसं वाटलं होतं. कुणी इतकं आपलं मानलं की मला काही सुचत नाही.

मावशी शिकवत नसत. दाराशी बसून ऐकत आणि चहा देताना ज्याला त्याला हळूच काहीतरी सांगत. “आज ते मागचं पोरगं तुझ्याकडं बघून राहिलं होतं, भिंतीकडं न्हाई.” आठवडाभर तेवढं पुरत असे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. एकदा गणित सांगताना एकोणसत्तरला एकोणसाठ म्हणाले. मुलं हसली, तिसरीतल्या एकीने दुरुस्त केलं. पुढचे दोन रविवार मी गेलेच नाही. दुसऱ्या रविवारी दुपारी मावशींचा फोन आला. काहून आली नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही.

“पोरी, तुझ्या पेल्यात मीच चहा पिऊन राहिले. येशील तवा घासून देते.”

मी गेले. पेला खरंच लखलखीत होता. “तू चुकलीस, बरंच झालं,” त्या म्हणाल्या. “लेकरायची भीड मोडली.”

न आलेल्याचा पेला कोरडा ठेवायचा नाही, ही त्यांची रीत. दुपारी त्याला फोन ठरलेला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मावशी आल्या नाहीत. लेकीकडे औंढ्याला गेल्या असतील, असं आम्ही आपसात म्हणालो आणि कोपऱ्यावरून चहा मागवला. पुढच्या रविवारीही तसंच. फोन करणं मावशींचं काम होतं. आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं.

मंगळवारी त्यांच्या लेकीने कळवलं. पोटाचं दुखणं जुनंच होतं. दहा दिवस दवाखान्यात काढून मावशी गेल्या होत्या. “मोबाईल उशाशी ठेवायला लावायची,” लेक म्हणाली. “पोरायचा फोन आला का, एवढंच विचारून राहिली होती.”

त्यानंतरच्या रविवारी सगळे आले, लांब कनेरगाव नाक्याहून येणारा विजयसुद्धा. चहा मी केला. पेले मांडले, ज्याचा त्याने उचलला. गयामावशींच्या फोटोपुढे ठेवायला एक हवा होता. फडताळात पाहिलं, पेल्यांची पिशवी उलटी केली. त्यांच्या नावाचा पेला नव्हताच.

सगळे हजर असले की मावशी चहा घेत नसत. “मी सकाळीच घेतला,” म्हणत. आम्हाला ते खरं वाटायचं.