व्हय म्हाराजा

मुलुंडच्या एका कॉलेजात मी बीएच्या मुलांना इतिहास शिकवते. इंग्रजांच्या ट्यूडर राजांचा भाग आला की मॅमचा आवाज चढतो, असं मुलं म्हणतात. चढतोच. त्यांतल्या एका राजाला मुलगा हवा, राणीला झाली मुलगी, म्हणून त्याने आधी धर्मगुरूकडे सोडचिठ्ठी मागितली, ती मिळेना तेव्हा धर्मपीठच वेगळं काढलं. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅम, एवढा राडा करण्यापेक्षा मुलीलाच गादी द्यायची ना?" मी म्हटलं, "तेच तर, बाळा." आणि फळ्याकडे वळले, कारण मला माझ्या बापाचं तोंड दिसायला लागलं होतं.

ही गोष्ट मी सहावीत असतानाची. जोगेश्वरीला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. गावचं घर पडल्यापासून घराण्याचा गणपती आमच्याकडे येई, कारण बाबा भावांत थोरले. म्हणून आई सगळ्यांची मोठी वहिनी. नारळ कुठे ठेवायचा, पहिलं पान कोणाचं वाढायचं, सगळं तिला विचारून व्हायचं.

आमच्या मालवणी घरांत आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा पुरुष हातात नारळ घेऊन देवाशी बोलतो आणि प्रत्येक वाक्याला थांबतो. त्या थांब्यावर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्यातले शब्द फारसं कोणी ऐकत नाही. पोटात कावळे ओरडत असतात, पोरं मोदकांकडे बघत असतात. ऐकायचा असतो तो थांबा.

त्या वर्षी बाबांचे चुलते गाऱ्हाणं घालत होते. "काय चुकला-माकला असात ता पदरात घे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "लेकरांक सुखी ठेव म्हाराजा!" व्हय म्हाराजा. त्याच सुरात, जराही न अडखळता, ते पुढे म्हणाले, "ह्या घराक वारस नाय, म्हणान आमचो थोरलो दुसरो संसार मांडता हा. तेका सगळ्यांची संमती आसा, तेका येस दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आईसुद्धा. नैवेद्याचं ताट तिच्या हातात होतं. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं आपण कशाला हो म्हटलं. मी तिच्या शेजारीच होते. ताट हललं आणि वरणाची वाटी माझ्या परकरावर सांडली.

पुढे ती रडली, भांडली, पोलिसात जाईन म्हणाली. प्रत्येक वेळी उत्तर एकच. "देवासमोर हो म्हणालीस ना?" माहेरच्यांनीही हेच विचारलं. ट्यूडर राजाने नव्या लग्नासाठी अख्ख्या देशाला शपथ घ्यायला लावली, नाही म्हणणाऱ्यांची मुंडकी उडवली. आमच्याकडे तलवार लागली नाही. दोन शब्दांत काम झालं.

बाबा वाकोल्याला नव्या घरी गेले आणि गणपती त्यांच्याबरोबर गेला. वर्षभरात तिकडे मुलगा झाला. पेढे आमच्याही घरी आले. मी ते खिडकीतून कावळ्यांना टाकले, आणि आजही टाकीन.

आई मात्र दर चतुर्थीला वाकोल्याला जायची, पहाटेपासून खपून मोदक करून द्यायची. मी चिडायचे. "कशाला जातेस गं त्यांच्या दारात?" ती म्हणायची, "दार तेंचा. देव माझो आसा." इतिहासातली ती पहिली राणी नवऱ्याने टाकल्यावरही त्याचे सदरे शिवून पाठवत होती. हे वाचलं तेव्हा मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि मग मी पुस्तक मिटून रडले.

त्या राणीला सांगितलं होतं की यापुढे स्वतःला राणी म्हणवायचं नाही. आईचंही नाव असंच गेलं. वाकोल्याच्या घरात मोठी वहिनी आता दुसरीच. आई झाली 'जोगेश्वरीवाली'. "जोगेश्वरीवाली इली काय? तिका सारण ढवळूक सांगा." एवढ्या वर्षांत तिने एकच गोष्ट केली. गाऱ्हाण्याला ती तोंड घट्ट मिटून उभी राहायची. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या राणीच्या मुलीला बापाने कागदावर सही करायला लावली की आपल्या आईचं लग्न हे लग्नच नव्हतं. पुढे ती गादीवर आली आणि तिने माणसं जिवंत जाळली. वर्गात मी हे सांगते, सांगावंच लागतं. मनात म्हणते, बाई, मी तुला ओळखते.

माझी वेळ गेल्या चतुर्थीला आली. चुलत आजोबा कधीच वारले होते, आणि त्यांच्यामागे गाऱ्हाणं घालणाऱ्या बाबांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. बोलायला जावं तर घशात नुसती घरघर. आता नारळ वारसाच्या हातात जायचा. त्या वारसाने, माझ्या सावत्र भावाने, आदल्या दिवशी मला फोन केला.

"ताई, वाट लागली यार. मोबाईलवर व्हिडिओ बघून पाठ करतोय, पण मालवणी जमतच नाही. काकांपैकी कोणालाच पूर्ण येत नाही. तुला येतं ना?"

"येतं." शब्द न् शब्द येतो. त्या दुपारपासून मी ते एकदाही विसरले नव्हते.

"मग तूच घाल ना. बाई घालत नाही वगैरे मी बघतो. मम्मीला विचारलंय."

पोरगा वाईट नाही. त्याच्यावर माझा राग नाही, असं मी लिहिणार होते, पण तो थोडा आहेच.

आरती झाली. काका, काकू, त्यांच्या सुना, पोरं, सगळी दाटीवाटीने उभी होती. बाबांना खुर्चीत बसवलं होतं. आई मागे, स्वयंपाकघराच्या दारात. मी नारळ हातात घेतला आणि चुलत आजोबांच्या सुरात सुरुवात केली. चुकलं-माकलं पदरात घे. व्हय म्हाराजा. लेकरांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा. सूर बसला, माना खाली गेल्या, पोरांनी मोदकांकडे बघायला सुरुवात केली.

"ह्या घराची मोठी वहिनी आज हय उभी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका इचारल्याशिवाय दुसरो संसार मांडलो, ता ह्या घरान पाप केला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दणक्यात आलं. मग एका काकूने मान वर केली. मी थांबले नाही.

"ती कधी कबूल नव्हती. तोंड सवयीन बोलला, मन नाय. ता आज आमी सगळ्यांनी मान्य केला म्हाराजा!"

ह्या वेळी अर्धेच बोलले, उरलेले एकमेकांकडे बघत राहिले. आणि त्या अर्धवट शांततेत खुर्चीतून आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, जिभेला कुठेही न अडखळता.

"व्हय म्हाराजा."

डॉक्टरांनी नंतर भावाला सांगितलं की असं होतं. वाचा गेली तरी आयुष्यभराच्या सवयीचं बोलणं कधीकधी शाबूत राहतं. त्यांना अर्थ कळला होता की नाही, मला माहीत नाही. आईलाही कोणी विचारलं नव्हतं तिला कळला होता का.

मावशी, म्हणजे बाबांची दुसरी बायको, काहीतरी बोलणार होती. मी तिच्याकडे वळून गोड आवाजात म्हटलं, "देवासमोर हो म्हणालात ना?"

आईने दारातून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मोदक निवतत. पानां घेवा." एक काकू लगबगीने पुढे झाली. "व्हय, मोठ्या वहिनी," म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

जोगेश्वरीला परतताना रिक्षात आई बाहेरच बघत बसली. मला वाटलं, रागावली. हायवेला लागल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"तो कसो बोललो गो?"

"व्हय म्हाराजा," मी बाबांच्या आवाजात म्हटलं.

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"परत म्हण," आई म्हणाली.

घर येईपर्यंत मी म्हणत राहिले.