खरेदीखतातली तिसरी सही

पेणमध्ये आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो. नवरा नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी इथल्याच शाळेत शिकवायचे. स्वतःचं घर हवं हे दोघांच्याही मनात होतं, पण फ्लॅटवर माझं मन बसेना. शेवटी एस.टी. स्टँडच्या मागच्या आळीत एक जुनं कौलारू घर दिसलं. दोन खोल्या, पडवी आणि मागे थोडी मोकळी जागा. मालक दोघे भाऊ, दोघेही रोह्याला स्थायिक झालेले. वडिलांच्या पश्चात घर बंदच होतं. बोलणी झाली, विसार दिला आणि मी मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला.

कागद तपासायला एका सहशिक्षिकेने मला ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं. गणपतीच्या कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची एकच खोली होती. वय पन्नाशीच्या पुढचं. बोलणं हळू, आणि वाचताना बोटाऐवजी पेन्सिल ओळीखालून सरकवायची सवय. मालमत्ता पत्रकावर दोघा भावांची नावं स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, आठवड्यात काम होईल.

त्यांनी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. मुदत संपली, कोणाचीच हरकत आली नाही. घर दाखवणारा दलाल मला म्हणाला, "झालं बाई, आता नोंदणीची तारीख घ्या." मी आनंदाने वकीलबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "नोटीस छापली म्हणजे ती सगळ्यांनी वाचली असं नाही. थोडं थांबा."

त्या नोंदणी कार्यालयातले जुने दस्त शोधत होत्या. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि एका दस्ताची नक्कल पुढे ठेवली. कितीतरी वर्षांपूर्वी भावांच्या वडिलांनी मागच्या जागेतली एक चिंचोळी पट्टी शेजाऱ्याला विकली होती. घर आजोबांपासून आलेलं, म्हणून दस्तात लिहिलं होतं की वडील स्वतःसाठी आणि अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांचे पालनकर्ते म्हणून सही करत आहेत. खाली मुलांची नावं होती. पेन्सिल तिथे थांबली.

"मोजा," त्या म्हणाल्या.

नावं तीन होती. दोन मुलगे आणि चार वर्षांची एक मुलगी.

"वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा दोनच नावं लागली. तिसरी कुठे गेली, ते विचारल्याशिवाय मी तुम्हाला घर घ्या म्हणणार नाही."

मी खरंच चिडले. थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ती बहीण हाय आमची. लग्नात सगळं दिलंय तिला. ती काय मागायची नाय, तुम्ही बिनधास्त घ्या." हे जसंच्या तसं मी वकीलबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मागत नाही आणि हक्क नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. उद्या ती किंवा तिची मुलं कोर्टात उभी राहिली, तर तुम्ही काय दाखवणार? तिच्या भावाचा फोन?"

बहिणीचा पत्ता भावांनी दिला नाही. दिला तो थोरल्याच्या बायकोने, दुसऱ्या दिवशी, हळू आवाजात फोन करून. रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या काठचं एक गाव. वकीलबाई म्हणाल्या, "मी आले तर ती घाबरेल. तुम्ही जा. पण एक सांगते, तिच्याकडून कशावरही सही घेऊ नका. नुसतं सांगून या."

रविवारी सकाळच्या गाडीने मी रोह्याला गेले, तिथून रिक्षाने गावात. ती अंगणात वालाच्या शेंगा झोडत होती. साठीच्या आसपासची, काटक बाई. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि दस्ताची नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती लांब धरली, ओठ हलवत अक्षर अक्षर जुळवलं आणि आपल्या नावापाशी थांबली.

"ह्यो बाबानं लिवून घेतलेला कागद?"

"हो."

"आनि मंग माजं नाव कुनी काढलं? मी हाय की जिती."

तिने शेंगा बाजूला सारल्या, चहा ठेवला आणि विचारलं, "घर तू घेनार? तू रवनार तिथं?"

"हो मावशी. घ्यायची इच्छा आहे."

"मंग घे गो बाय. मी आडवी येनार नाय. पन कागदात काय लिवनार, ते मला समजलं पायजे."

चार दिवसांनी ती एकटी एस.टी.ने पेणला आली. वकीलबाईंनी तिला खुर्ची दिली आणि दोन मार्ग समजावले. एक, हक्कसोडपत्र करून आपला वाटा भावांना देऊन टाकायचा, मग भाऊ घर विकतील. दोन, वारसनोंद दुरुस्त करून घ्यायची आणि भावांच्या बरोबरीने स्वतः विकणारी म्हणून सही करायची.

तिने फार विचार केला नाही. "सोडपत्र नको. मी सोडत नाय, मी इकते."

वकीलबाईंनी मान डोलावली आणि मग जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. "ताई, मी या बाईंची वकील आहे, तुमची नाही. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

"माजी वकील कोन मंग?"

"इथल्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. बायकांना तिथे फुकट वकील मिळतो."

नवा वकील म्हणजे नवी भानगड, असं मला वाटलं. बहीण मात्र तिथूनच उठून कोर्टात गेली. पुढच्या आठवड्यात आली ती वहीच्या कागदावर चार प्रश्न लिहून घेऊन, आणि चारही प्रश्न नेमके होते. वकीलबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी खालून वडापाव मागवले.

भावांकडे मात्र वादळ उठलं. थोरल्याने व्यवहार मोडायची भाषा केली. धाकटा फोनच उचलेना. नवरा म्हणाला, दुसरं घर बघू. मलाही तसंच वाटू लागलं होतं. तेवढ्यात बहीण स्वतः रोह्याला थोरल्याच्या घरी गेली. तिथे काय झालं ते त्याच्या बायकोने मला नंतर सांगितलं. ती भांडली नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "दादा, बाबानं मी चार वर्साची असताना माजं नाव लिवलं. तू मोठा झालास नि ईसरलास?" तो म्हणाला, "कारकुनानं इचारलं, मुलगे किती. मी सांगितलं दोन." सोमवारी वारसनोंदीच्या अर्जावर दोघा भावांच्या सह्या होत्या.

नोंद दुरुस्त व्हायला पावसाळा उलटला. भूमी अभिलेख कार्यालयात वकीलबाईंनी किती चकरा मारल्या, त्याचा त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही.

नोंदणीच्या दिवशी तिघं भावंडं बाकावर ओळीने बसली होती. बहिणीची पाळी आली तेव्हा यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. उभा जन्म शेतात गेलेला, रेषाच झिजलेल्या. तिने पदराने बोट पुसलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा पुसलं. चौथ्यांदा ठसा आला. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी सवयीने विचारलं, "व्यवहार मान्य आहे ना?"

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली.

मागे रांग ताटकळत होती, कोणीतरी चुकचुकलं. वकीलबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दस्त सावकाश वाचला. लिहून देणार क्रमांक तीन म्हणून तिचं नाव आलं, तेव्हा ती म्हणाली, "व्हय, हीच मी." मग वळणदार नाही, पण ठाम अशी सही केली. बाकावरून थोरला तिच्याकडे बघत होता. निघताना त्यानेच तिची पिशवी उचलली आणि दोघं एकाच एस.टी.ने रोह्याकडे गेली.

मी आजवर शेकडो मुलांना सही करायला शिकवलं आहे. सही करण्याआधी वाचायला मागायचं, हे मात्र मी त्या दोघींकडून शिकले. आता शाळेतल्या कोणाला घर घ्यायचं असलं की मी त्यांना रंगाच्या दुकानावरच्या खोलीचा जिना दाखवते.

आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात बहीण घर बघायला आली. दोन्ही खोल्यांतून फिरली, मागच्या दारी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं. तिने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "पावसात हितं वल येते. कपाट हितं ठेवू नको गो, पुस्तकं कुजतील तुजी."

कपाट आम्ही दुसऱ्या भिंतीला लावलं.