नसलेल्या कॅन्सरचा रिपोर्ट

"अरे वा. म्हणजे कापाकापी आपल्या रक्तातच आहे."

विभागप्रमुख मॅडम हसत म्हणाल्या. मग सगळेच हसले. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजीच्या फेलोशिपचा पहिला दिवस होता. विभागातल्या सगळ्यांसमोर उभं राहून ओळख करून द्यायची होती, घरी कोण काय करतं तेही सांगायचं होतं. माझ्याआधी सायली उठली. तिच्या आईवडिलांची कर्वेनगरला लॅब. तिला मॅडम म्हणाल्या, अगं, तुझे बाबा माझे ज्युनिअर. मग मी उठले. खरं तेच सांगितलं. माझा बाप सरकारी दवाखान्यात पोस्टमॉर्टेमच्या खोलीत कामाला होता. डॉक्टर दारात नाकाला रुमाल लावून उभे राहायचे, बाप आत मुडदा उघडायचा. मी अभिमानाने सांगत होते. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटेल. वेडी कुठली.

मॅडम सायलीला अगं-तुगं करायच्या. मला अहो, आपण. ऐकणाऱ्याला वाटावं काय हा मान. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला तो 'आपण' बरोबर कळतो. आपण तिकडे बसा. आपण नंतर या. आपण ग्रॉसिंग बघा.

ग्रॉसिंग म्हणजे काय ते सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव आधी आमच्या टेबलावर येतो. तो मोजायचा, चिरायचा, त्यातले नेमके तुकडे निवडून पुढे पाठवायचे. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी गळतं. ते हलकं काम नाही. तिथे चुकलं तर पुढे सगळंच चुकतं. पण ते आळीपाळीने करायचं असतं. एक दिवस टेबल, एक दिवस मायक्रोस्कोप. निदान करायला शिकायचं ते मायक्रोस्कोपवर. चारपाच जण एकाच वेळी बघू शकतील असा तो मोठा मायक्रोस्कोप, मध्ये मॅडम, बाजूने शिकणारे. मी त्याच्यासाठीच आले होते. एमडी झाल्यावर छोट्या लॅबमध्ये लघवी आणि हिमोग्लोबिन करत आयुष्य काढायचं नव्हतं. कॅन्सर ओळखायला शिकायचं होतं.

माझी पाळी टेबलावरून हटलीच नाही. विचारलं की उत्तर गोड. "आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही हो. सायलीला दिलं तर ती बोट कापून घेईल." पुन्हा सगळे हसायचे. मीही हसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

घरी येरवड्याला बाप विचारायचा, आज काय बघितलंस. कारण मी डॉक्टरकीला लागले तेव्हा त्याने एकच गोष्ट सांगितली होती. "तू कापायचं न्हाई. तू बघायचं." तो दारू प्यायल्याशिवाय त्या खोलीत जाऊ शकत नव्हता. कुणीच जाऊ शकत नाही. मी त्याला रोज थापा मारायचे, हे बघितलं, ते बघितलं. तो खूष व्हायचा. मला जेवण जायचं नाही.

मग ती बाई आली. म्हणजे बाई नाही आली, तिचा स्तन आला. डब्यात.

खडकवासल्याकडच्या एका गावातली बाई. गाव आता महापालिकेत आलंय, नळाला पाणी अजून नाही. तिच्या छातीत गाठ होती. आधी सुईने त्या गाठीचा बारीक तुकडा काढला होता. तो तपासून रिपोर्ट गेला, कॅन्सर. खाली मॅडमची सही. तो रिपोर्ट निघाला त्या दिवशी मॅडमना दिल्लीच्या परिषदेसाठी विमान गाठायचं होतं. शेजारी बसायला सायली होती. मी नेहमीप्रमाणे टेबलावर; सुईचा तो तुकडाही माझ्याच चिमट्याने पुढे गेला होता. रिपोर्टवरून सर्जनने पूर्ण स्तन काढला आणि तो माझ्यापुढे आला.

मी चिरायला घेतला. गाठ सापडली. बोराएवढी, गुळगुळीत, रबरासारखी. बाजूला सुईची जखम. अशा गाठी तरण्या पोरींनाही असतात, त्यांनी काही होत नाही. कॅन्सर असा दिसत नाही. तो कडक असतो, कडा ओढलेल्या असतात. म्हटलं, दुसरीकडे असेल. पातळ काप केले. मग आणखी पातळ. बोटांनी चाचपून बघितलं, उलटं केलं, पालटलं, सोबत काढलेल्या काखेतल्या लसीकाग्रंथी उकलल्या. घामाने हातमोजे आतून ओले झाले. सापड रे, सापड. एखाद्याच्या शरीरात कॅन्सर सापडावा म्हणून मी देवाला हात जोडत होते. मी देव मानत नाही. त्या दिवशी मानला.

नाही सापडला. तुकडे पाठवले, स्लाईड झाल्या, कुणाची परवानगी न मागता मी त्या बघितल्या. सगळं स्वच्छ. मग सुईच्या तुकड्याची जुनी स्लाईड काढली. बाईचा तुकडा साधा होता. त्याला चिकटून एक कण होता, तो मात्र पक्का कॅन्सर. पण बाईचा तुकडा स्पष्ट दिसत असताना तो कण पुसट, आणि कणावर फोकस नेला की बाईचा तुकडा पुसट. दोन्ही एका पातळीवर नव्हते. म्हणजे तो वरून येऊन बसलेला.

हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्या ठोकळ्याचे पापुद्रे काढून कोमट पाण्यावर तरंगवतात आणि काचेवर उचलतात. पाणी नीट साफ केलं नसेल तर आधीच्या पेशंटचा कण पाण्यात राहतो आणि पुढच्याच्या काचेवर चढतो. असं होऊ शकतं हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. शंका आली की ठोकळ्याचे आणखी काप घ्यायचे. मी घेतले. खोलवर घेतले. एकातही कॅन्सर नाही. चूक पाण्यात झाली होती, आणि मायक्रोस्कोपवर दोघींनी ती जाऊ दिली होती.

स्लाईड घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी बघितल्या. बराच वेळ बघितल्या. त्यांना कळलं, मला दिसलं की त्यांना कळलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "चिमटा पुसायचा राहिला असेल आपला. स्वच्छता घरातून यावी लागते. या वयात कोण शिकवणार?"

मी म्हटलं, चिमट्याने आला असता तर कण मेणाच्या आत असता. आत काहीच नाही. त्या म्हणाल्या, पहिल्याच कापात संपला असेल. मी म्हटलं, मग पातळी वेगळी कशी? त्यांनी स्लाईड बाजूला सारल्या. खुर्ची पुढे ओढली आणि आवाज मऊ केला. आपण लिहू, शिल्लक कॅन्सर आढळला नाही. खोटं नाही ते. सुईतच निघून गेला असं सर्जन समजतील. बाईलाही बरंच वाटेल, वाचले म्हणेल. ग्रॉसिंग आपलं आहे, सही आपली असू दे. आणि उद्या विभागाच्या मीटिंगमध्ये चिमट्याचं कबूल करून टाका, विषय मिटेल. सर्टिफिकेट मी स्वतः देईन, शिफारसही करीन.

मी स्लाईड गोळा करायला लागले. त्यांना वाटलं, झालं. तर वर म्हणाल्या, "आपल्याला इथवर यायला किती सवलती लागल्यात ते विसरू नका."

डोक्यात तिडीक गेली. तरी आवाज चढला नाही माझा, उलट खाली गेला.

"माझा चिमटा स्वच्छ होता, मॅडम. तुम्हाला घाई होती. मी सही करणार नाही."

"मग फेलोशिप विसरा."

बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. खोटं कशाला सांगू, मला परत आत जावंसं वाटलं. सही करावीशी वाटली. बापाला काय सांगू? पुण्यातली पॅथॉलॉजी एवढीशी, सगळे एकमेकांचे ज्युनिअर. एका फोनवर माझं दार बंद होणार होतं. आणि त्या बाईला तरी आता काय मिळणार होतं, गेलेलं परत शिवून थोडंच देता येतं? भिंतीला डोकं टेकून मी हेच घोकत राहिले. अगदी रडकुंडीला आले. पण सही करायची म्हणजे त्या बाईला जन्मभर नसलेल्या कॅन्सरची औषधं गिळायला लावायची, तपासण्या करत हिंडवायचं, तिच्या लेकींना सांगायचं की तुमच्या आईला होता, तुम्हालाही होईल. ते माझ्या नावाने.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला गेले नाही. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर गेले. बाई बाकावर बसली होती, बरोबर सून. बाईने पदर उजव्या बाजूने गच्च ओढून घेतला होता. मी शेजारी बसले. मी कोण ते सांगितलं. मग सगळं सांगितलं, साध्या शब्दांत, काही न वगळता. सून मध्येच उभी राहिली. बाई हलली नाही.

"म्हंजी नव्हताच?"

"नव्हता, मावशी."

"मंग काय कापलं माझं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग जे बोलली ते मला आजही झोपू देत नाही.

"आन् तू बी त्यांच्यातलीच ना?"

हो म्हटलं. त्याच विभागातली. तिने तोंड फिरवलं. मला माफ केलं नाही, आशीर्वाद दिला नाही. का द्यावा?

सुनेला मी सांगितलं, तुमच्या स्लाईड मागा, मेणाचा ठोकळा मागा. तो तुमचा आहे, नाही म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. दुसरीकडे दाखवा. तक्रार करा. माझं नाव आणि नंबर लिहून दिला आणि खाली लिहिलं, साक्षीदार.

फेलोशिप गेली. येरवड्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी आता हिमोग्लोबिन करते. मध्ये एका ओळखीच्या डॉक्टरांकडून मॅडमचा निरोप आला, अजून वेळ गेलेली नाही, साक्षीचं नाव काढलं नाही तर त्या माफ करतील. मी उत्तर पाठवलं नाही. बाईची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे दाखल झाली आहे. बोलावणं येईल तेव्हा मी जाणार आहे. पुढचं बोलावणं आलं तर पुढेही जाणार आहे, कामावर खाडा करून, दारं बंद होत गेली तरी. आणि मॅडमसमोर उभी राहून सांगणार आहे, कुणी बघितलं, कुणी नाही बघितलं, आणि बाईच्या अंगाचं काय गेलं.