बंद डिकीत काय जळतंय

दुकानाच्या पाटीवर नाव मिस्त्रींचं होतं, पण गिऱ्हाईक दारातून आत डोकावून विचारायचं, "वहिनी आहेत का?"

"मी आहे की," मिस्त्री गाडीखालून म्हणायचे.

"नाही, तसं नाही हो. घाई नाही. येतो नंतर."

हे 'तसं नाही हो' मिस्त्रींच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकायचं. गाड्यांच्या वायरिंगचं काम त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून केलेलं. इंजिनाच्या आवाजावरून डायनामो दमलाय का ते सांगणारा माणूस. आणि त्याच्याच दुकानात लोक त्याच्या बायकोसाठी ताटकळणार!

खरं दुखणं पुढेच होतं. तिची सगळी विद्या त्यांचीच होती. काही वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या पाठीचा मणका सरकला. दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळणार, म्हणून ते दुकानातल्या बाकावर उताणे पडून सांगायचे आणि बायको करायची.

"तांबडी वायर धर. तांबडी! ती काय तांबडी आहे?"

"ओरडू नका. तांबडीच आहे, मळून काळी झालीय. तुमच्या बनियनसारखी."

पाठ बरी झाली. मिस्त्री बाकावरून उठले, पण बायको काही गाडीवरून उठली नाही.

हात अजूनही मिस्त्रींचाच चपळ होता, त्यात वाद नाही. पण ती गिऱ्हाइकाला नको नको ते विचारत बसायची. गाडी उभी कुठं करता, शेजारी कोण बसतं, मुलं पाय कुठं ठेवतात. मिस्त्रींच्या मते ह्या पापड लाटताना करायच्या गप्पा. दुर्दैव असं की त्या गप्पांतून फॉल्ट सापडायचे. एका टॅक्सीवाल्याचे वायपर आपोआप चालू व्हायचे. मिस्त्रींनी मोटर खोलून पुन्हा बसवली, तरी तेच. हिनं त्याला विचारलं, "ओला टॉवेल कुठं वाळत घालता हो?" टॅक्सीवाल्यानं स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांड्याकडे बोट दाखवलं. त्या टॉवेलचं पाणी ठिबकून आतलं बटण गंजलं होतं. तेव्हापासून तो टॅक्सीवाला भेटेल त्याला ही गोष्ट सांगायचा. सांगताना मिस्त्रींच्या मोटर खोलण्याचा भाग जरा जास्तच रंगवायचा.

मिस्त्रींची पद्धत वेगळी. गाडी आली की आधी रिकामी करायची. छत्र्या, चपला, पिशव्या, सीटखालचं बिस्किटाचं चूर्ण, सगळं बाहेर. "डॉक्टर पेशंटला कपड्यांच्या बोचक्यासकट तपासतो का?" ते विचारायचे. दुकानाची फरशीही अशी, की सांडलेला स्क्रू लगेच दिसावा.

अशा त्या फरशीवर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी येऊन उभी राहिली. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत. गोठ्यातल्या अडलेल्या गाईपासून बंगल्यातल्या मांजरीपर्यंत सगळ्यांच्या हाकेला धावणाऱ्या. त्यांची बॅटरी सकाळी उतरलेली असायची. रोज नाही, मधूनच. त्या आठवड्यात एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं आणि बाई अंगणात किल्ली फिरवत बसल्या होत्या. शेवटी शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या. म्हैस वाचली, रेडकू गेलं.

"मला पुन्हा असं नकोय, मिस्त्री," बाई म्हणाल्या. मग मान वळवून, "वहिनी, तुम्हीही बघा हं."

त्या 'तुम्हीही'ची कळ मिस्त्रींच्या कानापासून पोटापर्यंत गेली. त्यांनी मनाशी पक्कं केलं की ह्या गाडीचा फॉल्ट आपण शोधायचा. एकट्यानं. दुसरं काही नाही, पण हा एक.

त्यांनी डिकीतली औषधांची पत्र्याची ट्रंक उतरवली, दोरखंड, गमबूट, घमेलं बाहेर काढलं. बॅटरी तपासली, ठणठणीत. डायनामो भरत होता. मग बॅटरीची वायर सोडवून मध्ये मीटर लावला. गाडी बंद असताना कोण चोरून करंट खातंय, ते त्यात दिसतं. कोणीच खात नव्हतं. काटा शून्यावर झोपलेला. गाडी दुकानात दोन दिवस राहिली आणि दोन्ही दिवस सकाळी किल्लीला लगेच बोलली.

"झाली," मिस्त्रींनी जाहीर केलं. "टर्मिनल ढिलं होतं, आवळलंय."

"टर्मिनल ढिलं नव्हतं," बायको मागून हळूच म्हणाली.

"तू बघितलंस?"

"तुम्ही आवळलंत तेव्हा पाना हललाच नाही."

मिस्त्रींनी पाना खणकन डब्यात टाकला. हिला पाना हललेलाही दिसतो आणि न हललेलाही दिसतो!

त्याच आठवड्यात गाडी पुन्हा बसली. जेवताना बायको म्हणाली, "ती त्यांच्या घरी जाऊनच बघायला हवी. इथं चांगली वागते, तिथं रुसते. सासुरवाशिणीचं उलटं."

"मग जा की. तुझ्याच नावानं जप चाललाय."

"जाईन म्हणते उद्या."

मिस्त्रींनी ताट पुढे सरकवलं. उद्या ही जाणार. अंगणात चहा पीत बाईंना विचारणार, मांजर कुठं झोपतं नि माळी कधी येतो. फॉल्ट सापडणार, आणि टॅक्सीवाल्याला नवीन गोष्ट मिळणार.

पण सकाळी बायको उठली ती गुडघा धरूनच. "आज काही जमायचं नाही. पाय टेकवत नाहीये."

"अरेरे," मिस्त्री म्हणाले. बायकोचा गुडघा दुखतोय म्हणून छातीत हलकं वाटणारा नवरा जगात आपण एकटेच असू, असं त्यांच्या मनात आलं. पण ते हलकं वाटणं काही थांबलं नाही. त्यांनी स्वतः तेल कोमट करून तिच्यापुढे ठेवलं, भरलेली जास्तीची बॅटरी उचलली आणि तरुण माणसासारखे जिना उतरले.

डॉक्टरीणबाईंचं घर चढावर होतं. गाडी फाटकातून आत, तोंड वर घराकडे, शेपूट खाली रस्त्याकडे, अशी उभी. पूर्ण मेलेली.

"वहिनी नाही आल्या?" बाईंचा पहिला प्रश्न.

"गुडघा धरलाय तिचा," मिस्त्री म्हणाले आणि सवयीनं डिकीकडे वळले.

"ट्रंकेला हात नका लावू हं!" बाई ओरडल्या. "बाटल्या आत्ताच लावल्यात. लसी आहेत. काय करायचं ते तशीच ठेवून करा."

"अहो, पण गाडी रिकामी केल्याशिवाय..."

"मिस्त्री, माझ्या पेशंटांनाही बोलता येत नाही, तरी मी त्यांना गोठ्यातच तपासते. हात लावू नका म्हटलं ना."

मिस्त्री मनातून चरफडले. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. बॉनेट उघडून त्यांनी आणलेली बॅटरी बसवली, मीटर लावला, दारं लावली. काटा उठला. उठला तो तसाच उभा राहिला. कोणीतरी खात होतं.

एकेक फ्यूज काढून ते काट्याकडे बघू लागले. रेडिओचा काढला, काटा तसाच. हॉर्नचा काढला, तसाच. आतल्या दिव्यांचा काढला आणि काटा धपकन खाली पडला. परत बसवला, परत वर. छताचा दिवा तर बंद दिसत होता. मग राहिला डिकीतला. पण तो बघायचा कसा? डिकी उघडली की तो लागणारच. फ्रिजचं दार उघडून आतला दिवा विझलाय का बघण्यातला प्रकार.

मिस्त्रींनी मागची सीट आडवी पाडली आणि मणक्याला हात लावून, देवाचं नाव घेऊन, पोटावर सरपटत आत शिरले. गमबुटांचा वास. अंधार. आणि त्या अंधारात, ट्रंकेच्या पलीकडे, करंगळीएवढा दिवा. शांतपणे जळत होता. डिकी बंद, गाडी बंद, कोणी बघायला नाही, तरी हा जळतोय. त्याच्यावरचं प्लास्टिक तापून पिवळं पडलं होतं.

त्यांनी नीट बघितलं, ट्रंक थेट झाकणाला टेकलेली. मग उलगडलं. चढावर गाडीची शेपूट खाली, म्हणून जड ट्रंक घसरून डिकीच्या झाकणावर रेलायची आणि त्याला आतून बाहेर रेटायची. कुलूप लागलेलंच राहायचं, पण झाकण केसभर उचललं जायचं, आणि दिवा विझवणारं बटण दाबलंच जायचं नाही. बाईंनी ट्रंक घरात नेली असेल त्या रात्री गाडी ठीक. आणि दुकानात? दुकानात सपाट फरशी आणि रिकामी डिकी. फॉल्ट ते स्वतःच्या हातानं उतरवून बाजूला ठेवत होते.

"सापडला!" ते आतूनच ओरडले. बाहेर आले तेव्हा शर्टावर पेंढा आणि चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवाचं तेज. त्यांनी बाईंना सगळं नीट सांगितलं, काटा कसा पडला तेही दोनदा सांगितलं. ट्रंकेपुढे लाकडाची पट्टी ठोकायची, की ती घसरणार नाही. बटणाखाली एक चकती घालायची. झालं काम.

"कमाल आहे!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "तरी वहिनी म्हणाल्याच होत्या, त्यांना ट्रंक तेवढी काढू..."

एवढ्या धिप्पाड बाईंनी शाळकरी पोरीसारखी जीभ चावली.

"कधी म्हणाली?" मिस्त्रींनी विचारलं.

"अहो, ते काल फोनवर सहज, गाडी कशी उभी असते, डिकीत काय असतं..."

"कधी?"

"रात्री, जेवणं झाल्यावर. मला म्हणाल्या, सांगू नका. मी एक नंबरची गाढव आहे, मिस्त्री. जनावरांत राहून दुसरं काय होणार."

मिस्त्रींनी पट्टी ठोकली, चकती घातली, चहा घेतला नाही. येताना त्यांना कळेना, जास्त राग कशाचा यावा. तिला त्यांच्या आधी कळलं, ह्याचा, की कळलेलं तिनं त्यांच्या ताटात वाढून ठेवलं, ह्याचा. हरलेल्या माणसाला निदान हरल्याचं समाधान असतं. इथं तेही तिनं ठेवलं नव्हतं.

घरी बायको खिडकीतले डबे पुसत होती, स्टुलावर चढून.

"गुडघा?" मिस्त्रींनी विचारलं.

ती स्टुलावरून उतरली. "बरा आहे."

"दुखतच नव्हता."

तिनं फडकं घडी करून ठेवलं. "बाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला वाटलंच होतं."

"मला सरळ सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंत?"

"नाही," ते म्हणाले.

"मग! आणि मी जाऊन शोधला असता तर? टॅक्सीवाल्याच्या वेळी आठवडाभर माझ्याशी पान्यानं बोलत होतात. तो पाना दे, हा पाना घे. दुसरा शब्द नाही. डबा परत यायचा तसाच. मला तेही सोसावं लागतं ना तुमच्याबरोबर राहून? तुम्ही माझ्यावर जळता हे कळतं मला. माझ्या आईलाही कळतं. मी काय करू, येतंय ते विसरू?"

"म्हणून दया केलीस."

"दया नाही हो. सोय केली. माझीच."

हे ऐकून मिस्त्रींना बरं वाटायला हवं होतं, की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. बायको भाकरी टाकायला आत गेली.

दिवेलागणीला फोन वाजला. तिनं उचलला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. डॉक्टरीणबाईच होत्या. सकाळची जीभ त्यांना सावरायची होती. "वहिनी, मिस्त्रींनी काय डोकं चालवलं! स्वतः आत शिरले, ह्या वयात! असा कारागीर नाही बघितला. मी सगळ्यांना सांगणार आहे."

तव्यावर भाकरी टाकून बायको परातीत पुढचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हो ना, त्यांचा हातच तसा आहे."

चांगलं चाललं होतं. दोन्ही बायका आपापलं वाक्य नीट म्हणत होत्या. मिस्त्रींनी गप्प बसायचं तेवढं काम होतं. पाटीवर त्यांचं नाव, बाईंच्या तोंडी त्यांची स्तुती, आणि उद्यापासून टॅक्सीवाल्याला बदललेली गोष्ट. ते ओट्यापाशी गेले आणि फोनकडे वाकले.

"बाई, ते हिनं शोधलं," ते म्हणाले. "इथं बसून शोधलं. मी नुसता आत शिरलो. सांगाल तर तसं सांगा."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सांगेन हो, सांगेन."

मिस्त्रींना वाटलं होतं, हे एकदा बोलून टाकलं की पोटातलं जळणं थांबेल. पण बायकोनं मान वर केली. पिठाचे हात तसेच हवेत. तिचा चेहरा असा उजळला होता, की लग्नात नाही, पहिल्या लेकराच्या वेळी नाही, असा त्यांनी कधी बघितला नव्हता. आणि तो त्यांच्यासाठी उजळला नव्हता. तिला ते येतं, हे कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, म्हणून उजळला होता.

पोटात कळ आली. पहिल्यापेक्षा मोठी.

"भाकरी करपतेय," मिस्त्री म्हणाले, आणि तिच्या आधी त्यांनीच ती उलटली.